स्टॅटिक आयपीवर स्वतःचा राउटर: नेट लागतं, पण टिकत नाही

लक्षण असं. इंटरनेट कंपनीकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा इंटरनेट पत्ता, घेतला, कंपनीचा राउटर काढून स्वतःचा लावला, कागदावर दिलेले आकडे नीट भरले. नेट सुरू झालं आणि काही तासांनी गेलं. राउटर बंद-चालू करून बघितला, फरक नाही. कंपनीचा जुना राउटर परत जोडला की नेट लगेच हजर. पुन्हा आपला लावला, पुन्हा चाललं, पुन्हा काही तासांनी गेलं. कस्टमर केअरचं उत्तर ठरलेलं: आमच्या राउटरवर चालतंय ना, मग दोष तुमच्या राउटरचा.

बहुतेक वेळा दोष तुमच्या राउटरचा नसतो. मी या चक्रात नऊ दिवस अडकलो होतो. नवा राउटर परत करायचंही मनात आलं होतं. म्हणून काय झालं ते आधी सविस्तर सांगतो, बाकीच्या शक्यता त्यानंतर.

माझ्याकडे काय झालं

मला मिळालेल्या कागदावर आयपी अ‍ॅड्रेस, सबनेट मास्क (आपल्या गटात कोणते पत्ते येतात ते सांगणारा आकडा), गेटवे (बाहेरच्या जगाकडे जायचं कंपनीकडचं दार) आणि दोन डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारे सर्व्हर) एवढं होतं. वर ठळक अक्षरात 'स्टॅटिक आयपी'. नव्या राउटरच्या इंटरनेट सेटिंगमध्ये कनेक्शनच्या प्रकारांच्या यादीतही 'स्टॅटिक आयपी' असाच पर्याय होता. तो निवडला, आकडे भरले. नेट नाही, गेटवेला पिंगसुद्धा (पोचतंय का ते बघायची हाक) लागेना. मग जुन्या राउटरच्या तळाच्या चिठ्ठीवरचा वॅन मॅक अ‍ॅड्रेस (उपकरणाचा इंटरनेटच्या बाजूचा ओळख क्रमांक) नव्या राउटरच्या 'मॅक क्लोन'मध्ये, म्हणजे दुसऱ्याचा मॅक लावायच्या जागी, टाकला आणि नेट धावायला लागलं. वाटलं, मिटलं. त्याच संध्याकाळी गेलं.

तिसऱ्या दिवसापासून मी वहीत वेळा मांडायला लागलो. नवा राउटर लावल्यापासून नेट जाईपर्यंत कधी साडेपाच तास, कधी पाच तास वीस मिनिटं, एकदा जेमतेम चार तास. त्यात काही मेळ दिसेना. मग जुना राउटर कधी चालू केला होता ती वेळही शेजारी लिहिली आणि तिथून मोजून बघितलं. प्रत्येक वेळी सहा तास. चार तासांत नेट गेलं त्या दिवशी मी जुना राउटर दोन तास चालू ठेवला होता, म्हणजे तोही हिशोब बसला.

तेव्हा कुठे मी जुन्या राउटरचं स्टेटस पान उघडलं. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. कनेक्शनचा प्रकार: डायनॅमिक. लीज टाइम, म्हणजे पत्ता वापरायची मुदत: २१६०० सेकंद. म्हणजे बरोबर सहा तास.

उलगडा असा झाला. पत्ता माझ्याच नावावर होता आणि बदलणारही नव्हता, पण तो हाताने भरायचा नव्हता, मागून घ्यायचा होता. कंपनीच्या डीएचसीपी सर्व्हरवर, म्हणजे मागेल त्याला पत्ता देणाऱ्या संगणकावर, माझ्या मॅकपुढे तो पत्ता राखून ठेवलेला होता. वरच्या बाजूला कंपनीचा जो स्विच असतो तो एक नोंदवही ठेवतो: कोणत्या पोर्टवर, कोणत्या मॅकने, कोणता पत्ता डीएचसीपीतून घेतला आणि तो किती वेळासाठी. त्या वहीत नोंद नसलेल्या पत्त्यावरून काहीही आलं तर स्विच ते टाकून देतो. सिस्कोच्या उपकरणांत या सोयीचं नाव आयपी सोर्स गार्ड. हेतू योग्यच आहे, नाहीतर कुणीही शेजाऱ्याचा पत्ता टाइप करून वापरू शकला असता.

जुना राउटर चालू झाला की तो पत्ता मागायचा आणि वहीत सहा तासांची नोंद पडायची. मी त्याची वायर काढून घेतली तरी नोंद तशीच राहायची, कारण वायर ओढल्यावर राउटरला पत्ता परत करायची संधीच मिळत नाही. माझा नवा राउटर तोच मॅक आणि तोच पत्ता घेऊन त्या नोंदीवर चालत होता. एरवी डीएचसीपी घेणारं उपकरण लीजची अर्धी मुदत झाली की नूतनीकरण मागतं. माझा राउटर 'स्टॅटिक'वर होता, तो कधीच काही मागत नव्हता. सहा तास संपले, नोंद पुसली गेली, दार बंद.

उपाय एका मिनिटाचा निघाला. कनेक्शनचा प्रकार 'डायनॅमिक आयपी' केला, मॅक क्लोन तसाच ठेवला. पत्ता तोच मिळाला, आकडा न् आकडा तोच. तीन तासांनी राउटरच्या लॉगमध्ये लीज नूतनीकरणाची ओळ दिसली. नंतर कंपनीच्या तांत्रिक विभागाशी बोलणं झालं, तेव्हा त्यांनीही पत्ता मॅकला बांधलेला असल्याचं सांगितलं.

घोटाळा 'स्टॅटिक' या शब्दाचा आहे

कंपनी 'स्टॅटिक' म्हणते तेव्हा तिला सांगायचं असतं की तुमचा पत्ता बदलणार नाही. राउटरच्या यादीतल्या 'स्टॅटिक'चा अर्थ मात्र असा: मी कुणाला काही विचारणार नाही, पत्ता तुम्ही हाताने भरा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न बदलणारा पत्ता तुमच्यापर्यंत तीन वाटांनी येऊ शकतो. एक, हाताने भरून. दोन, डीएचसीपीतून, मॅक ओळखून. तीन, पीपीपीओईतून, म्हणजे युजरनेम-पासवर्डने लॉगिन केल्यावर सर्व्हर दर वेळी तोच पत्ता देतो. वाट चुकली तर कागदावरचे आकडे कितीही अचूक भरले तरी उपयोग नाही.

म्हणून जुना राउटर काढण्याआधी त्याचं वॅन स्टेटस पान उघडा आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा. कनेक्शनचा प्रकार, वॅनचा मॅक, व्हीएलएएन क्रमांक (एकाच तारेवरची वेगवेगळी जाळी ओळखायचा शिक्का), एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार), आणि पीपीपीओई असेल तर युजरनेम, हे सगळं फोटोत यायला हवं. तळाच्या चिठ्ठीवरचा मॅक बऱ्याचदा लॅनचा, म्हणजे घरातल्या बाजूचा, असतो आणि वॅनचा एखाद्या आकड्याने पुढे-मागे असतो, त्यामुळे स्टेटस पानावरचाच खरा माना. पासवर्ड मात्र तिथे टिंबांमागे लपलेला असतो, तो कंपनीकडूनच घ्या.

वाट खरोखर हाताने भरायची असेल तर

मग मास्क आणि गेटवेकडे नीट बघा. समजा पत्ता २०३.०.११३.१० आणि मास्क २५५.२५५.२५५.२५२ आहे. २०३.०.११३ हा गट उदाहरणांसाठीच राखून ठेवलेला आहे, म्हणून तोच घेतो. २५२ च्या मास्कमध्ये चारच पत्ते असतात: ८ हे जाळ्याचं नाव, ९ गेटवे, १० तुम्ही, ११ ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना एकदम हाक मारायचा. मास्क २४८ चा असेल तर आठ पत्ते येतात. पहिला आणि शेवटचा वापरता येत नाही, एक गेटवेला जातो, तुमच्या हातात पाच राहतात.

घाईत लोक सवयीने २५५.२५५.२५५.० भरतात. ही चूक फसवी आहे, कारण नेट चालतं. गेटवे त्या मोठ्या गटातही बसत असतो, त्यामुळे जगभरच्या साइट उघडतात. बिघाड दिसतो तो फक्त २०३.०.११३ ने सुरू होणाऱ्या इतर पत्त्यांशी बोलताना. तुमच्या राउटरला ते सगळे शेजारच्याच तारेवर आहेत असं वाटतं, तो गेटवेकडे न जाता त्यांना थेट हाका मारत बसतो आणि उत्तर येत नाही. एखाद्या कार्यालयाची दोन कनेक्शनं एकाच कंपनीची असतील आणि जग चालत असताना नेमकी तीच एकमेकांना सापडत नसतील, तर आधी मास्क तपासा.

हाताने भरल्यावर पहिले काही तास नेटच नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपोआप सुरू, असाही अनुभव येतो. वरच्या राउटरने तुमचा पत्ता जुन्या मॅकशी जोडून लक्षात ठेवलेला असतो. सिस्कोच्या राउटरवर ही आठवण मुळात चार तासांची असते. ती मुदत संपेपर्यंत थांबा, जुना मॅक क्लोन करा किंवा कंपनीला त्या पत्त्याची एआरपी नोंद, म्हणजे हीच आठवण, पुसायला सांगा. तिन्ही चालतात. थांबायचं ठरवलं असेल तर मधल्या वेळात सेटिंग बदलत बसू नका, नाहीतर काय केल्याने चालू झालं ते कधीच कळत नाही.

पीपीपीओई असेल तर

इथे राउटरने दाखवलेला निरोप शब्दशः वाचा, त्यातच अर्धं निदान असतं. 'सर्व्हर प्रतिसाद देत नाही' असं आलं तर तुमची हाक सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. केबल, ब्रिज मोड (कंपनीचा डबा राउटरचं काम सोडून नुसता पूल बनतो ती सेटिंग) किंवा व्हीएलएएन क्रमांक यांपैकी काहीतरी चुकलंय. 'ऑथेंटिकेशन फेल' आलं तर हाक पोचली आणि उत्तरही आलं, फक्त तुम्हाला आत घेतलं नाही. म्हणजे युजरनेम-पासवर्ड चुकलाय, मॅक बांधलेला आहे किंवा तुमचं जुनं लॉगिन अजून जिवंत आहे.

हे जुनं लॉगिन वारंवार छळतं. बऱ्याच कंपन्या एका खात्यावर एका वेळी एकच लॉगिन चालू देतात. वीज गेली किंवा तुम्ही वायर ओढली, तर सर्व्हरला तुम्ही गेल्याचं लगेच समजत नाही. तो ठराविक वेळाने 'आहात का?' असं विचारतो आणि काही वेळा उत्तर आलं नाही की मगच लॉगिन तोडतो. तोवर नवा राउटर दारात उभा. अशा वेळी दर दहा सेकंदांनी 'कनेक्ट' दाबू नका. राउटर दहा मिनिटं बंद ठेवा आणि मग लावा. राउटर बदलायचाच असेल तर आधी जुन्याच्या पानावरून 'डिस्कनेक्ट' करा, मगच वायर काढा.

लॉगिन झाल्यावर स्टेटसमध्ये मास्क २५५.२५५.२५५.२५५ आणि गेटवे भलत्याच गटातला दिसेल. घाबरू नका, पीपीपीओईत तसंच असतं. कागदावरच्या मास्कशी तो जुळवायचा प्रयत्न करू नका.

दुसरं लक्षण म्हणजे काही साइट झटक्यात उघडतात आणि काही नुसत्या फिरत राहतात. हा एमटीयूचा प्रश्न. इथरनेटचं पाकीट १५०० बाइटांचं, त्यातले ८ पीपीपीओई स्वतःच्या वेष्टनासाठी घेतं, उरतात १४९२. राउटरवर १५०० भरलेलं असेल तर मोठी पाकिटं वाटेत अडकतात आणि लहान निघून जातात. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पिंगला 'एफ' पर्याय दिला की पाकीट तोडायला मनाई होते आणि 'एल'ने आकार ठरवता येतो. १४६४ आकाराचं पिंग जातंय आणि १४६५ चं अडतंय, तर तुमचा एमटीयू १४९२ आहे, कारण प्रत्येक पिंगवर २८ बाइटांचं शीर्ष चढतं. १४६४ लाही अडलं तर आकार कमी करत जा, जो पहिला जाईल त्यात २८ मिळवा आणि तो आकडा एमटीयूमध्ये भरा.

स्टेटसमधला पत्ता कागदावरच्या पत्त्याशी जुळत नाही

वॅनचा पत्ता १९२.१६८ ने किंवा १० ने सुरू होत असेल, किंवा १७२.१६ ते १७२.३१ मधला असेल, तर कंपनीचा डबा अजून स्वतःच राउटरचं काम करतोय आणि तुमचा राउटर त्याच्या पोटात बसलाय. फायबरचा डबा म्हणजे ओएनटी सहसा काढून टाकता येत नाही, कारण त्याचा सिरियल क्रमांक कंपनीच्या बाजूला नोंदलेला असतो. तो ठेवायचा आणि ब्रिज मोडवर टाकून घ्यायचा. बऱ्याच डब्यांत हा बदल ग्राहकाच्या लॉगिनने होत नाही, कंपनीकडून करून घ्यावा लागतो. त्याच वेळी व्हीएलएएनचा शिक्का कोण मारणार, डबा की तुमचा राउटर, तेही विचारून घ्या. दोघांनी मारला किंवा कुणीच मारला नाही, तर नेट येत नाही.

ब्रिज मोड मिळत नसेल आणि दोन्ही राउटर ठेवावेच लागत असतील, तर निदान दोघांचा आतला पत्ता १९२.१६८.१.१ राहू देऊ नका. तुमच्या राउटरचा १९२.१६८.५०.१ करा. दोन्ही बाजूंना एकच गट असेल तर पाकीट कुठे पाठवायचं ते राउटरला ठरवता येत नाही.

पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला दिसला तर स्टॅटिक आयपी अजून चालूच झालेला नाही. हा गट २०१२ साली कंपन्यांच्या अंतर्गत वाटपासाठी राखून ठेवण्यात आला, एकेक सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटताना तो वापरतात. तुमच्या राउटरवर काहीही केलं तरी तो बदलणार नाही. फोन करा.

आणि ओएनटीच्या पुढे स्विच लावून त्यावर जुना-नवा असे दोन्ही राउटर एकाच स्टॅटिक पत्त्यावर चालवू नका. वरचा राउटर कधी एकाला तुम्ही समजतो, कधी दुसऱ्याला. नेट पाच मिनिटं इकडे, पाच मिनिटं तिकडे असं होतं आणि कारण शोधता शोधता दमछाक होते.

नेट ठीक आहे, पण बाहेरून आत येता येत नाही

पोर्ट फॉरवर्डिंग केलं, म्हणजे बाहेरून आलेली हाक आतल्या उपकरणाकडे वळवली, घरातल्या वायफायवरून स्वतःचाच सार्वजनिक पत्ता उघडून बघितला, उघडला नाही. इथेच बरेच जण सगळं मोडून पुन्हा मांडतात. आतून बाहेर जाऊन परत आत येणं सगळ्याच राउटरना जमत नाही, त्या सोयीला नॅट लूपबॅक म्हणतात. मोबाइलचं वायफाय बंद करा, मोबाइल डेटावरून बघा. तिथून उघडत असेल तर तुमचं काम झालेलं आहे. तिथूनही उघडत नसेल तर कंपनीने तो पोर्ट अडवलाय का विचारा. मेलचा २५ क्रमांकाचा पोर्ट अडवलेला असणं नेहमीचं आहे.

एक गोष्ट मनापासून सांगतो. पत्ता पक्का झाला की तो शोधणाऱ्यांसाठीही पक्का होतो. राउटरच्या लॉगमध्ये पहिल्याच दिवसापासून दुरून लॉगिन करायच्या २२ आणि ३३८९ या पोर्टवर अनोळखी ठोठावणी दिसेल. बाहेरून राउटरचं सेटिंग उघडण्याची सोय बंद ठेवा, अ‍ॅडमिनचा मूळ पासवर्ड बदला, फर्मवेअर अद्ययावत करा आणि यूपीएनपी (उपकरणांना आपणहून पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करा. कॅमेरा किंवा रिमोट डेस्कटॉप थेट बाहेर उघडू नका. मी फक्त वायरगार्ड या व्हीपीएनचा (घराशी जोडणाऱ्या सुरक्षित बोगद्याचा) एकच पोर्ट उघडा ठेवलाय. बाहेरून आलो की आधी त्या व्हीपीएनमध्ये शिरतो, मग आतलं सगळं घरच्यासारखं दिसतं.

कंपनीला फोन करताना

'नेट जातंय' असं म्हटलं की पलीकडून राउटर बंद-चालू करायला सांगतात. त्याऐवजी थेट विचारा: माझा स्टॅटिक पत्ता हाताने भरायचा आहे, डीएचसीपीने येतो की पीपीपीओईने? तो मॅकला बांधलेला आहे का, आणि असेल तर कोणत्या? व्हीएलएएन क्रमांक किती? पहिल्या माणसाला उत्तर माहीत नसेल तर तक्रार तांत्रिक विभागाकडे पाठवायला सांगा आणि तक्रार क्रमांक घ्या. नेट गेल्याच्या वेळा लिहून ठेवल्या असतील तर त्या वाचून दाखवा. माझ्या फोनचा सूर बदलला तो 'दर वेळी बरोबर सहा तासांनी' या शब्दांनंतर.

मॅक क्लोन हा तात्पुरता इलाज समजा. क्लोन करून मी दोन आठवडे काढले, मग कंपनीकडून नव्या राउटरचा खरा मॅक नोंदवून घेतला आणि क्लोन काढून टाकला. राउटर फॅक्टरी रीसेट करायची वेळ आली तरी आता पहिल्याच फटक्यात पत्ता मिळतो, कारण बहुतेक राउटर मूळ सेटिंगमध्ये 'डायनॅमिक'वरच असतात. सेटिंगची बॅकअप फाइल लॅपटॉपवर आहे, स्टेटस पानाचा फोटो तिच्याशेजारी आहे. जुना राउटर कपाटात ठेवलाय, त्यावर चिठ्ठी लावून: 'मॅकची नोंद बदलली आहे, हा लावल्यास नेट येणार नाही.'